मुखवटा कोणी घालायचा आणि कोणी पाहायचा : एका शिक्षिकेच्या तीन प्रश्नांना उत्तर

आपण नागपुरातील एका शाळेत मराठी शिकवता आणि यंदाच्या स्नेहसंमेलनात ‘जगातील मुखवटे’ या विषयावर प्रदर्शन व समूहनृत्य बसवण्याचे आपण योजले आहे. त्यासाठी आपण तीन प्रश्न विचारले आहेत. मुखवटा हा मुळात ओळख लपवण्यासाठीच असतो का, तो जगातल्या सगळ्या समाजांत कसा काय आढळतो, आणि छायाचित्रे पाहून मुलांनी कोणताही मुखवटा तयार करून नाचायला हरकत आहे का. मी रंगभूमीसाठी मुखवटे घडवतो, ते काम शिकवतो आणि घरोघरचे जुने मुखवटे दुरुस्तही करतो. तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले असल्याने उत्तर सलगच देतो.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर शोधायला आपल्याला शहराबाहेर जावे लागत नाही. भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर आपल्याकडे महालक्ष्म्या येतात, ज्येष्ठा नक्षत्रावर त्यांचे पूजन होते आणि मूळ नक्षत्रावर विसर्जन. ज्येष्ठा-कनिष्ठांचे मुखवटे रांगोळीच्या पावलांवरून आत आणले जातात, त्यांना धान्याची कोठी, स्वयंपाकघर आणि देवघर दाखवले जाते, आणि मग त्यांना स्थानापन्न करून लुगडे नेसवले जाते, दागिने घातले जातात, पुरणपोळी आणि आंबिलीचा नैवेद्य दाखवला जातो. त्या मुखवट्यामागे कोणाचाही चेहरा नसतो, त्यामुळे तेथे लपवण्याजोगे काही नसतेच. उलट, वर्षभर दिसत नसलेले कोणीतरी त्या तीन दिवसांत घरात प्रत्यक्ष आलेले असते. एका घरातील शाडूचा मुखवटा हनुवटीपाशी तडकला होता आणि एका गालावरचा रंग पोपडे धरून उडाला होता. चितारओळीत, म्हणजे नागपुरातील मूर्तिकारांच्या वस्तीत, नवा मिळेल, असे मी सुचवले तेव्हा घरातील आजींनी शांतपणे सांगितले, “आमच्याकडे ह्याच येतात.” त्यानंतर दोन डोळ्यांच्या कडा पूर्वी होत्या तशाच, त्याच जाडीच्या रेषेने पुन्हा काढताना माझा हात जितका जपून चालला, तितका रंगमंचावरच्या कोणत्याही मुखवट्यासाठी चालला नसेल. चेहरा बदलला असता तर येणारी पाहुणी बदलली असती, अशी त्या घराची श्रद्धा होती, आणि माझ्या मते मुखवट्याचे मूळ कार्य त्या एका वाक्यात आले आहे.

जो एरवी सभेत येऊ शकत नाही त्याला मुखवटा समोर आणतो. तो देव असेल, मेलेला पूर्वज असेल, रोग असेल, रानातले जनावर असेल किंवा एरवी ज्याला बोलू दिले जात नाही असा एखादा आवाज असेल. अशा पाहुण्याचे येणे हवेहवेसे असते तसेच धोक्याचेही असते, म्हणून त्याच्या येण्याभोवती समाज नियम बांधतो. मुखवटा कोणी घडवायचा, कोणी घालायचा, कोणी पाहायचा, कोणी मुळीच पाहायचा नाही, काम झाल्यावर तो कोठे ठेवायचा किंवा कसा नष्ट करायचा, हे सारे ठरलेले असते. मुखवट्याचा सांस्कृतिक अर्थ लाकडात किंवा रंगात शोधणाऱ्याला थोडेच हाती लागते. तो अर्थ या नियमांत असतो. पुढची सारी उदाहरणे मी याच दृष्टीने निवडली आहेत.

दुसऱ्या प्रश्नातील गृहीतक मात्र दुरुस्त करायला हवे. मुखवटा सर्वत्र आढळत नाही. पॅसिफिक महासागरातील पॉलिनेशियाच्या बहुतेक बेटांवर मुखवट्याची परंपरा जवळजवळ नाही, आणि त्याच महासागरातील मेलानेशियात ती कमालीची समृद्ध आहे. ऑस्ट्रेलियाच्या मुख्य भूमीवर ती विरळ आहे, पण उत्तरेकडील टोरेस सामुद्रधुनीच्या बेटांवर कासवाच्या पाठीचे अप्रतिम मुखवटे होत असत. पाहुण्याला आणण्याचे दुसरे मार्गही असतात. आपल्या विदर्भाला लागून असलेल्या आदिलाबाद भागात राजगोंड समाजात दिवाळीच्या सुमारास गुसाडी नाचतात. मोरपिसांचा भला थोरला मुकुट, खोटी दाढी आणि राख फासलेले अंग असा त्यांचा वेश असतो, आणि त्या काळात त्यांच्या ठायी देवत्व आले आहे असे मानले जाते. तेथे चेहऱ्यावर लाकूड नाही की कागद नाही, तरी काम मुखवट्याचेच आहे. केरळातील तेय्यम या विधिनृत्यातही मुख्य भर रंगवलेल्या चेहऱ्यावर आणि प्रचंड शिरोभूषणावर असतो. तेव्हा प्रदर्शनात ‘मुखवटा ही मानवजातीची सार्वत्रिक भाषा आहे’ अशी पाटी कृपया लावू नये. ते वाक्य आकर्षक आहे, पण खरे नाही.

मेलेल्यांना परत आणणे हे मुखवट्याचे फार जुने काम दिसते. प्राचीन रोममध्ये प्रतिष्ठित घराण्यांत पूर्वजांचे मेणाचे मुखवटे घरातच लाकडी कोनाड्यांत जपून ठेवत. इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातील इतिहासकार पॉलिबियस याने वर्णन केले आहे की, घरातील कोणी थोर पुरुष वारला म्हणजे हे मुखवटे बाहेर काढले जात, मृत पूर्वजांशी अंगकाठीने जुळणारी माणसे ते घालत, त्या त्या पूर्वजाने जे पद भूषवले असेल त्या पदाची वस्त्रे नेसत आणि अंत्ययात्रेत रथांतून जात. चौकात ते हस्तिदंती आसनांवर ओळीने बसत, आणि नव्याने मेलेल्याचे गुणगान त्यांच्यासमोर होई. तरुण मुलांनी ते पाहून आपणही असे व्हावे अशी ईर्षा धरावी, हा त्यामागचा हेतू पॉलिबियसने स्पष्ट सांगितला आहे. आपल्याकडे देवघरात पितरांचे टाक असतात, ते ज्या भावनेने पुजले जातात तिच्याशी हे नाते मला जवळचे वाटते. नायजेरिया आणि बेनिनमधील योरुबा समाजात पूर्वज एगुनगुनच्या रूपाने येतात. कापडाच्या पट्ट्यांवर पट्ट्या शिवलेला तो वेश नखशिखान्त असतो, चेहऱ्यावर जाळी असते, आवाज बदललेला असतो आणि त्याला स्पर्श करायचा नसतो. घरातील पिढ्या जशा वाढतात तशी नव्या कापडाची भर पडत जाते.

मुखवट्यावर हक्क कोणाचा, हा प्रश्न आपल्याला सर्वांत चांगला बोहाड्यात दिसतो. पालघर जिल्ह्यातील जव्हार-मोखाडा आणि नाशिकच्या आदिवासी पट्ट्यात उन्हाळ्याच्या रात्री हा उत्सव होतो. कागदाच्या लगद्याचे किंवा लाकडाचे मुखवटे बांधून एकेक सोंग संबळ आणि सनईच्या तालावर नाचत गावाच्या रस्त्यावरून येते. आधी गणपती आणि सरस्वती येतात, रात्र चढते तशी देव-दैत्यांची सोंगे येतात, आणि शेवटी पहाटेकडे देवी येऊन महिषासुराशी लढते. अमुक सोंग अमुक घराण्याने घ्यायचे असा मान पिढ्यानपिढ्या चालत आलेला असतो. मुखवटा जुना झाला, रंग उडाला, तरी मान तसाच राहतो. गावात कोण कोणाचा, कोणाचे स्थान काय, याची उजळणी त्या एका रात्रीत सगळ्यांसमोर होते.

हीच गोष्ट कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील क्वाक्वाकावाक्व लोकांत अधिक काटेकोर रूपात आहे, आणि तिचा इतिहास थोडा सविस्तर सांगण्याजोगा आहे. त्यांचे रूपांतर-मुखवटे देवदाराच्या जातीच्या लाकडातून कोरलेले असतात. बाहेरून डोमकावळ्याची किंवा गरुडाची चोच दिसते. नाचणारा आतून दोऱ्या ओढतो तशी चोच मधोमध दुभंगून दोन्ही बाजूंना उघडते आणि आतून माणसाचा, म्हणजे त्या कुळाच्या आद्य पूर्वजाचा, चेहरा प्रकट होतो. शेकोटीच्या उजेडात हे घडते तेव्हा कुळाची उत्पत्तिकथा सांगावी लागत नाही, ती समोर दिसते. तो मुखवटा, त्याचे नृत्य, त्याचे गीत ही त्या घराण्याची मालमत्ता असते. पॉटलॅच नावाच्या मोठ्या भेटसमारंभात ती दाखवली जाते, आणि आलेल्या पाहुण्यांना भेटी दिल्या जातात त्या साक्षीदार म्हणून. अमुक घराण्याचा हा हक्क आम्ही पाहिला, अशी ती साक्ष असते. ज्यांच्याकडे लिखित दस्तऐवज नव्हता त्यांनी आपले दस्तऐवज अशा रीतीने नाचून जपले.

कॅनडा सरकारने 1885 पासून पॉटलॅचवर कायद्याने बंदी घातली. 1921 मध्ये व्हिलेज आयलंड येथे झालेल्या मोठ्या पॉटलॅचनंतर लोकांना अटक झाली, काहींना तुरुंगात टाकले गेले आणि मुखवटे जप्त होऊन संग्रहालयांत व संग्राहकांकडे गेले. बंदी 1951 मध्ये कायद्यातून गळाली. पुढे लोकांनी मुखवटे परत मागितले, आणि 1980 मध्ये अलर्ट बे येथे उमिस्ता सांस्कृतिक केंद्र उभे राहिले, जेथे परत आलेले मुखवटे ठेवले आहेत. ते काचेच्या पेट्यांत ठेवलेले नाहीत; इतकी वर्षे बंदिवासात राहिलेल्यांना पुन्हा कोंडायचे नाही, अशी त्यामागची भावना आहे. मुखवटा जप्त करणे म्हणजे एका समाजाचा सात-बारा जप्त करणे होते, हे त्या सरकारला पुरते कळले होते, म्हणूनच त्याने तो जप्त केला, असे माझे मत आहे.

मुखवटा बहुतेक ठिकाणी पुरुष घालतात, अगदी स्त्रीरूपाचा असला तरी. म्हणूनच पश्चिम आफ्रिकेतील सिएरा लिओन आणि लायबेरियातील सांदे ही स्त्रियांची संस्था मला विशेष महत्त्वाची वाटते. मुलींना प्रौढत्वाची दीक्षा देणाऱ्या या संस्थेत लाकडी मुखवटा स्त्रिया स्वतः घालून नाचतात. आफ्रिकेत हे फार दुर्मीळ आहे. कोरणारे मात्र पुरुष असतात. हा मुखवटा शिरस्त्राणासारखा संपूर्ण डोके झाकतो, तेलाने घासून चकचकीत काळा केलेला असतो. कपाळ उंच, केशरचना अत्यंत नेटकी, पापण्या झुकलेल्या, तोंड लहान आणि मिटलेले, आणि मानेवर वळ्या. त्या वळ्यांचा एक अर्थ असा सांगतात की जलदेवता पाण्यातून वर येताना तिच्याभोवती उठलेले ते तरंग आहेत. मिटलेले तोंड हे गुपित राखण्याचे आणि बोलण्यावर ताबा असण्याचे लक्षण आहे. दीक्षा घेणाऱ्या मुलीने काय व्हावे, याचे सारे शिक्षण त्या एका चेहऱ्यावर कोरलेले असते. आपल्या शाळेत मुली आहेत, म्हणून हे उदाहरण प्रदर्शनात अवश्य घ्यावे.

आता रोगांकडे येतो, कारण येथे नागपूरला जगाशी जोडणारा धागा सर्वांत ठळक आहे. श्रीलंकेच्या दक्षिण किनारपट्टीवर सन्नी याकुम नावाचा विधी आहे. त्यात अठरा सन्नी, म्हणजे रोग आणणारे अठरा राक्षस, मुखवटे घालून येतात. एक आंधळेपणाचा, एक मुकेपणाचा, एक ओकारीचा, आणि मुखवटा कोरणारा प्रत्येकात ते दुखणे दाखवतो. कोणाचे डोळे थिजलेले असतात, कोणाचा चेहरा एका बाजूला ओढलेला असतो, कोणाची जीभ बाहेर आलेली असते. रात्रभर चालणाऱ्या या विधीत राक्षस एकेक करून येतो, ढोल वाजवणाऱ्याशी त्याचा संवाद होतो, आणि तो संवाद बराचसा हास्यकारक असतो. आजाऱ्याने आणि गावाने त्या राक्षसाला हसायचे, त्याला नैवेद्य द्यायचा, बुद्धाच्या आज्ञेची आठवण द्यायची, आणि त्याने आजाऱ्याला सोडून जायचे. ज्याला चेहरा नाही त्याच्याशी बोलता येत नाही, सौदा करता येत नाही आणि त्याला घालवूनही देता येत नाही. रोगाला चेहरा देण्यामागचे कारण हेच आहे.

आता पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचे नागपूर आठवावे. काळी मारबत 1881 पासून आणि पिवळी मारबत 1885 पासून निघते, असे सांगितले जाते. इतवारी आणि जागनाथ बुधवारीच्या गल्ल्यांतून त्या निघतात, दोघींची भेट होते, आणि सारा जमाव ओरडतो, “इडा, पीडा, रोगराई घेऊन जा गे मारबत!” मारबत हा अंगावर घालायचा मुखवटा नाही, ती बांबू आणि कागदाची मूर्ती आहे, हे मला मान्य आहे. परंतु तिच्यामागची विचाराची चाल अगदी सन्नी राक्षसांचीच आहे: पीडेला चेहरा द्यायचा, तिला वाजतगाजत सगळ्यांसमोर आणायचे, तोंडावर बोलायचे आणि वेशीबाहेर नेऊन जाळायचे. मारबतीसोबत बडगे, म्हणजे तसेच पुतळे, निघतात, ते तर त्या त्या वर्षीच्या महागाईला, भ्रष्टाचाराला, एखाद्या सरकारी निर्णयाला चेहरा देतात. एरवी ज्या गोष्टी माणूस कुजबुजत बोलतो त्या त्या दिवशी भर रस्त्यात मोठ्याने बोलल्या जातात.

योरुबांच्या गेलेदे उत्सवात हेच एफे नावाच्या रात्रीच्या प्रयोगात होते. समाजातील वृद्ध स्त्रियांच्या, ‘आपल्या मातांच्या’, अदृश्य सामर्थ्याला संतुष्ट ठेवण्यासाठी पुरुष मुखवटे घालून नाचतात, आणि एफेचा मुखवटा घातलेला गायक गावातील ढोंग, अन्याय, कंजूषपणा यांवर नाव न घेता किंवा घेऊनही टीका करतो. त्या रात्री त्याच्यावर कोणी कारवाई करत नाही, कारण बोलणारा तो नसतो, मुखवटा असतो. युनेस्कोने 2008 मध्ये गेलेदेचा समावेश मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत केला. मारबतीवर बोलायला आपली मुले हे उदाहरण शेजारी ठेवून फार चांगले बोलतील.

आता लपवण्याचा मुद्दा. तो खोटा नाही, पण त्याची जागा मर्यादित आहे, आणि तो बहुधा शहरांत उद्भवतो. व्हेनिसमध्ये अठराव्या शतकात वर्षातील बराच काळ लोक बाउता नावाचा पांढरा मुखवटा, काळा झगा आणि त्रिकोणी टोपी घालून वावरत. त्या मुखवट्याचा खालचा भाग पुढे आलेला असल्याने तो न काढता खाता-पिता येई आणि आवाजही बदले. 1638 मध्ये उघडलेल्या आणि 1774 मध्ये बंद झालेल्या सरकारी जुगारगृहात खेळायला येणाऱ्यांना मुखवटा सक्तीचा होता. म्हणजे तेथे लपणेसुद्धा राज्याच्या परवानगीने आणि नियमाने होते. उमराव आणि दुकानदार एका मेजावर बसावेत आणि दुसऱ्या दिवशी कोणीही कोणाला ओळख दाखवू नये, यासाठी ती व्यवस्था होती. परवानगीवाचून लपणाऱ्याला मात्र राज्य घाबरते. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात 1840 च्या दशकात जमीनदारांच्या खंडाविरुद्ध कुळांनी बंड केले. ती कुळे छापील सुती कपडे आणि मुखवटे घालून वसुलीला आलेल्या अधिकाऱ्यांना अडवत. त्यावर 1845 मध्ये वेश बदलून एकत्र जमण्याविरुद्ध कायदा झाला. तो थेट 2020 मध्ये रद्द झाला, कारण साथीच्या काळात त्याच राज्याने तोंड झाकणे बंधनकारक केले होते.

मेक्सिकोतील कुस्तीचे उदाहरण मुले चटकन उचलतील. तेथील लुचा लिब्रेमध्ये मल्ल मुखवटा घालून उतरतात आणि मुखवटा पणाला लावून लढतात. हरलेल्याला तो सर्वांसमोर काढावा लागतो, खरे नाव सांगावे लागते, आणि पुन्हा तो मुखवटा घालता येत नाही. एल सांतो हा त्यांतील सर्वांत लोकप्रिय मल्ल 1984 मध्ये वारला तेव्हा त्याला त्याच्या रुपेरी मुखवट्यासह पुरले. त्याच्या बाबतीत मुखवटा हाच चेहरा होता आणि खालचा चेहरा खाजगी होता.

रंगभूमीवरच्या मुखवट्याबद्दल मला सर्वांत जास्त बोलावेसे वाटते, पण येथे दोनच परंपरा घेतो, कारण त्या आपल्या नृत्याला उपयोगी पडतील. जपानच्या नो नाट्यातील मुखवटा हिनोकी नावाच्या सुरूच्या जातीच्या लाकडातून कोरतात, त्यावर शिंपल्यांची पूड सरसात कालवून थरावर थर देतात आणि मग रंगवतात. तो नटाच्या चेहऱ्याहून लहान असतो, हनुवटी खालून दिसते. तरुण स्त्रीच्या मुखवट्यावर कोणताही ठाम भाव नसतो आणि तेच त्याचे सामर्थ्य आहे. नटाने मान किंचित वर केली की प्रकाश गालांवर पडून चेहरा उजळतो, किंचित खाली केली की पापण्यांची सावली पडून तो झाकोळतो. रंगमंचावर जाण्यापूर्वी नट आरशाच्या खोलीत बसतो, मुखवट्याला वंदन करतो आणि मगच तो चढवतो. बुबुळाएवढ्या छिद्रातून त्याला फारच थोडे दिसते, म्हणून रंगमंचाच्या पुढच्या कोपऱ्यातील खांब पाहून तो आपली जागा ओळखतो.

दुसरी परंपरा आपल्या देशातील छाऊ. तिच्या तीन शाखांपैकी पश्चिम बंगालमधील पुरुलिया आणि झारखंडमधील सराईकेला येथे मुखवटा आहे, ओडिशातील मयूरभंज शाखेत नाही. पुरुलियातील चरिदा गावात हे मुखवटे होतात. मातीच्या साच्यावर राख भुरभुरून कागदाचे थर खळीने चिकटवतात, त्यावर मातीचा पातळ लेप आणि कापड देतात, घोटून गुळगुळीत करतात, वाळल्यावर साच्यातून सोडवतात आणि मग रंग, केस, मणी, पिसे. या मुखवट्यांना 2018 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आहे. तोंड झाकलेले असल्याने नर्तक बोलत नाही, गातही नाही; पात्राची ओळख गायक करून देतो आणि राग, दर्प, आनंद हे सारे खांद्यांच्या थरथरीतून, मानेच्या झटक्यातून, उंच उडीतून दाखवावे लागते. मुलांनी चेहऱ्याने अभिनय करण्याची सवय सोडून अंगाने बोलायला शिकावे यासाठी छाऊइतका चांगला गुरू मला दुसरा माहीत नाही.

आता तिसरा प्रश्न: कोणताही मुखवटा करून नाचावे का? माझे उत्तर स्पष्टपणे ‘नाही’ असे आहे. अमेरिकेतील होपी लोक आपल्या कात्सिना मुखवट्यांना जिवंत मानतात आणि त्यांचे चित्र काढणे, विकणे, प्रदर्शनात मांडणे त्यांना अतिशय दुखावते. 2013 मध्ये पॅरिसमध्ये अशा मुखवट्यांचे लिलाव झाले; होपींनी विनवण्या केल्या, न्यायालयात धाव घेतली, तरी विक्री थांबली नाही. शेवटी त्या वर्षअखेरच्या लिलावात ॲनेनबर्ग प्रतिष्ठानाने 24 वस्तू बोली लावून घेतल्या, त्या मूळ समाजांकडे परत पाठवण्यासाठी. उत्तर अमेरिकेतील हौदेनोसौनी लोकांनीही आपले रोग बरे करणारे लाकडी मुखवटे जाहीरपणे दाखवू नयेत असे सांगितले आहे. ज्यांनी स्पष्ट नकार दिला आहे त्यांचे मुखवटे, छायाचित्रातून पाहून केलेली नक्कलसुद्धा, आपण वगळावी. महालक्ष्म्यांचा मुखवटा कोणी परक्या देशात शाळेच्या मंचावर तोंडाला बांधून नाचला, तर आपल्या आजींना काय वाटेल, एवढा विचार मुलांना पुरेसा होईल. घरातील महालक्ष्म्यांचे मुखवटेही प्रदर्शनात मांडू नयेत. त्यांची हकीकत मुलांनी आपापल्या आजीला विचारून लिहावी, ती पुरेशी बोलकी होईल.

ज्या परंपरा स्वतःच प्रेक्षकांसाठी खुल्या आहेत, म्हणजे छाऊ, बोहाडा, आसामातील माजुली बेटावरच्या सत्रांतील (वैष्णव मठांतील) बांबू, माती आणि शेणाचे मुखवटे, व्हेनिसचा बाउता, मेक्सिकोची कुस्ती, त्यांच्याबद्दल प्रदर्शन करावे. प्रत्येक चित्राखाली देशाचे नाव आणि ‘लाकूड’ एवढेच लिहू नये. तो कोण घडवतो, कोण घालतो, कोणाला पाहायची परवानगी आहे आणि काम झाल्यावर त्याचे काय होते, हे लिहावे. शेवटचा मुद्दा मुलांना फार आवडतो. पापुआ न्यू गिनीतील न्यू आयर्लंड बेटावर मृतांच्या स्मरणासाठी महिनोन्‌महिने खपून मलागन नावाची कोरीव शिल्पे आणि मुखवटे करतात आणि विधी संपला की जाळतात किंवा कुजू देतात. गणपती विसर्जन करणाऱ्या मुलांना ते समजावून सांगावे लागत नाही.

नृत्यासाठी मात्र मुलांनी स्वतःचे मुखवटे स्वतः घडवावेत, आणि विषय मारबत-बडग्यांचाच घ्यावा, असे मी सुचवीन. त्यावर आपला हक्क आहे आणि त्यातून मुलांना स्वतःचे म्हणणे मांडता येते. मातीच्या साच्यावर तेलाचा हात फिरवून वर्तमानपत्राचे आठ-दहा थर मैद्याच्या खळीने द्यावेत. जुने कारागीर कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद टाकत, पण ते विषारी असल्याने मुलांच्या हाती देऊ नये. वाळवण सावलीतच करावी. उन्हात वरचा थर आधी आकसतो आणि कडा आत वळतात. डिसेंबरातील आपल्या कोरड्या हवेत चार-पाच दिवस पुरतात. त्यावर खडूच्या पुडीचा लेप, मग पॉलिश पेपर, मग रंग. आतून कपाळावर आणि दोन्ही गालांवर स्पंजचे तुकडे चिकटवावेत, म्हणजे मुखवटा तोंडापासून सुटा राहतो, श्वास कोंडत नाही आणि घामाने कागद मऊ पडत नाही. नाकपुड्या खऱ्या उघड्या ठेवाव्यात. बांधायला इलॅस्टिकपेक्षा नाडी बरी, दोन कानांवरून आणि एक डोक्यावरून, कारण उडी मारताना इलॅस्टिक हलते आणि डोळ्यांची छिद्रे जागा सोडतात.

तालीम पहिल्या आठवड्यापासून मुखवट्यासह घ्यावी. मुखवटा शेवटच्या दिवशी हाती दिला तर मुले बिचकतात, कारण त्यांना पाय दिसत नाहीत आणि शेजारचा दिसत नाही. मंचाच्या पुढच्या दोन कोपऱ्यांत नोच्या खांबांसारखे दोन उभे, उजळ रंगाचे दांडे लावावेत आणि मुलांना त्यांवरून आपली जागा ओळखायला शिकवावे. दोन मुले मुखवट्याविना ढोल-ताशासोबत ठेवावीत, जी बाकीच्यांना मंचावर आणतील आणि खाली उतरवतील. साचे हवे असतील तर माझ्याकडे मातीचे काही साधे चेहरे तयार आहेत; ते आपण न्यावेत, मात्र डोळे, नाक आणि तोंड मुलांनी आपापल्या बडग्याप्रमाणे त्यावर नव्याने चढवावे.